अणु तोलणारे अ‍ॅस्टनसाहेब

थोर पुरुषांचीं चरित्रें लिहितांना लेखक बहुधा सेनापति, राज्यकर्ते, संत किंवा देशभक्त यांच्याकडे वळतात, आणि तें योग्यच आहे. परंतु ज्यांनीं कांचेच्या नळ्या आणि लोहचुंबक यांच्या सहवासांत एका खोलींत आपलें आयुष्य वेंचलें, ज्यांच्या नांवाचा जयघोष कोठें झाला नाहीं, आणि तरीही ज्यांच्या श्रमांचें फळ आज न्यायमंदिरापासून रुग्णालयापर्यंत सर्वत्र उपयोगास येत आहे, अशा पुरुषांचीं चरित्रेंही मुलांपुढें ठेवणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

आमच्या वरच्या इयत्तांतील मुलें वर्तमानपत्रांत वारंवार वाचतात कीं, अमुक प्रकरणांतील कपड्यांवरील डाग, कांचेचे तुकडे किंवा मृताच्या पोटांतील अंश मुंबईस कलिना येथील सरकारी न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेकडे तपासणीसाठीं पाठविण्यांत आले. मग तीं आम्हांस विचारतात कीं, डोळ्यांस धड दिसतही नाहीं एवढ्याशा कणावरून शास्त्रज्ञ काय ओळखणार? प्रश्न चांगला आहे. त्याचें पुष्कळसें उत्तर ज्या एका यंत्रांत सांठविलेलें आहे, त्या यंत्राच्या जनकांचें, म्हणजे केंब्रिजचे शास्त्रज्ञ फ्रान्सिस विल्यम अ‍ॅस्टन यांचें अल्प चरित्र आम्ही या अंकांत देत आहों.

दुष्कृत्य करणारा मनुष्य मागें कांहींतरी खूण ठेवून जातो, ही समजूत फार प्राचीन आहे. जुन्या कराराला जोडून येणाऱ्या अपोक्रिफा ग्रंथांत दानीएलाची एक गोष्ट आहे. बाबेलच्या एका देवळांत मूर्तीपुढील नैवेद्य रोज रात्रीं नाहींसा होई, आणि देवच तो खातो अशी राजाची श्रद्धा होती. दानीएलानें देवळाच्या जमिनीवर राख पसरविली व दार राजाच्या मुद्रेनें बंद करविलें. सकाळीं राखेंत पुजाऱ्यांचीं, त्यांच्या बायकांचीं व मुलांचीं पावलें उमटलेलीं राजानें स्वतःच्या डोळ्यांनीं पाहिलीं.

परंतु विषाचें पाऊल राखेंत उमटत नाहीं. सोमल पिठांत किंवा साखरेंत मिसळला असतां ओळखूं येत नाहीं, आणि तो पोटांत गेलेल्या मनुष्यास पटकीचा विकार झाला असें घरच्यांस वाटतें. १८३२ सालीं इंग्लंडांत जेम्स मार्श नांवाच्या रसायनशास्त्रज्ञास विषप्रयोगाच्या एका खटल्यांत साक्ष द्यावी लागली. त्यांनीं सोमल शोधून काढला होता, परंतु कोर्टापुढें जाईपर्यंत तो पुरावा बिघडून गेला आणि आरोपी सुटला. ही गोष्ट मार्श यांच्या मनास इतकी लागली कीं, १८३६ सालीं त्यांनीं नवी परीक्षा शोधून काढली. तींत सोमलाचा अत्यल्प अंशही कांचेवर काळ्या चकचकीत आरशासारखा उमटतो. पुढें आमच्या मुंबई इलाख्यांतही सरकारी रासायनिक पृथक्करण करणारे अधिकारी नेमले गेले, आणि सोमल, धोतरा, बचनाग यांचा शोध प्रयोगशाळेंत होऊं लागला. मात्र या सर्व परीक्षांत एक उणीव होती. प्रत्येक विषास निराळी परीक्षा लागे, आणि परीक्षा करणारास आपण काय शोधीत आहों याचा अगोदर तर्क करावा लागे. कोणताही पदार्थ पुढें आला तरी त्यासच त्याचें नांव विचारील असा तराजू कोणापाशीं नव्हता. तो तराजू अ‍ॅस्टन यांनीं दिला. आणि नवल हें कीं, तो घडवितांना कोर्टकचेरीचा विचार त्यांच्या मनास शिवलाही नव्हता.

फ्रान्सिस अ‍ॅस्टन यांचा जन्म १ सप्टेंबर १८७७ रोजीं बर्मिंगहॅम शहरानजीक हार्बोर्न या गांवीं झाला. वडील धातूंचे व्यापारी असून शेतीही करीत. आईचे वडील बंदुका बनविणारे होते. सात भावंडांत फ्रान्सिस हें तिसरें अपत्य. घरीं धातु, हत्यारें आणि जनावरें यांचा रोजचा परिचय असल्यामुळें मुलाच्या हातांस लहानपणींच काम लागलें. पातळ कागदाचे मोठमोठे फुगे करून ते तापलेल्या हवेनें आकाशांत सोडण्याचा त्यास फार नाद होता. आरंभीचें शिक्षण गांवच्या धर्मगुरूंच्या शाळेंत व नंतर माल्व्हर्न येथील विद्यालयांत झाल्यावर १८९३ सालीं ते बर्मिंगहॅमच्या मेसन कॉलेजांत दाखल झाले. तेथें पॉइंटिंग यांच्याकडे पदार्थविज्ञान आणि टिल्डन व फ्रँकलंड यांच्याकडे रसायनशास्त्र असें त्यांचें अध्ययन चाललें.

वडिलांच्या घरांतच त्यांनीं एक लहानशी प्रयोगशाळा मांडली. कांच तापवून फुंकण्याची कला ते शिकले आणि लागणारीं उपकरणें बहुतेक स्वतःच करूं लागले. आमच्या पालकवर्गास येथें एक गोष्ट सुचवावीशी वाटते. मुलानें घड्याळ उघडलें किंवा पडवींत तारा पसरल्या, कीं आपण त्यास रागें भरतों. अ‍ॅस्टन यांच्या वडिलांनीं घरांतील जागा मोकळी करून दिली. त्या जागेंत जो हात तयार झाला, त्याच हातानें पुढें जगांतील अत्यंत नाजूक यंत्रांपैकीं एक यंत्र घडविलें.

विद्वत्ता असली तरी पोटापाण्याची सोय करावीच लागते. १९०० सालीं अ‍ॅस्टन यांनीं बिअर गाळण्याच्या एका कारखान्यांत रसायनतज्ज्ञाची नोकरी धरली व तीन वर्षें ती केली. मद्याचा धंदा आम्हांस प्रिय नाहीं, हें आमच्या वाचकांस सांगावयास नकोच. परंतु त्या तीन वर्षांतील त्यांचा फावला वेळ कसा गेला हें पाहण्यासारखें आहे. १८९५ सालीं रंटजेन यांनीं क्ष-किरण शोधून काढले होते, आणि निर्वात केलेल्या कांचेच्या नळींतून विजेचा प्रवाह सोडल्यास काय काय दिसतें याकडे साऱ्या युरोपाचें लक्ष लागलें होतें. अ‍ॅस्टन दिवसा कारखान्यांत काम करीत आणि घरीं येऊन भांड्यांतील हवा काढून घेणारे नवनवे पंप तयार करीत. अखेर १९०३ सालीं शिष्यवृत्ति मिळतांच त्यांनीं नोकरी सोडली आणि पॉइंटिंग यांच्या हाताखालीं ते बर्मिंगहॅम विद्यापीठांत पुनः विद्यार्थी झाले. निर्वात नळींत ऋणध्रुवाच्या अगदीं निकट एक अरुंद काळा पट्टा असतो, तो त्यांना १९०८ सालीं आढळला. आजही तो त्यांच्याच नांवानें ओळखला जातो. त्याच वर्षीं वडील वारले. त्यानंतर जगप्रवास करून ते परत आले, आणि १९१० सालीं केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेंत सर जे. जे. थॉमसन यांचे साहाय्यक म्हणून रुजू झाले.

थॉमसन यांनीं १८९७ सालीं इलेक्ट्रॉन शोधून काढला होता. आतां ते निराळ्याच शोधांत गुंतले होते. निर्वात नळींतील वायूच्या अणूंमधून इलेक्ट्रॉन निघून गेले म्हणजे ते अणु धनविद्युत् धारण करून वेगानें धांवूं लागतात. अशा अणूंचा झोत लोहचुंबक व विद्युत्क्षेत्र यांमधून नेला असतां तो वळतो, आणि फोटोच्या कांचेवर त्याची वक्र रेषा उमटते. एका वजनाच्या अणूंची एक रेषा, दुसऱ्या वजनाच्या अणूंची दुसरी रेषा, असा हा प्रकार होता. १९१२ सालच्या सुमारास निऑन वायु या रीतीनें तपासतांना एक चमत्कार दिसला. निऑनचा अणुभार २०.२ आहे; परंतु कांचेवर २०.२ च्या जागीं रेषा न उमटतां एक ठळक रेषा २० वर व दुसरी फिकी रेषा २२ वर उमटली.

या चमत्काराचें महत्त्व कळण्यास थोडें मागें जावें लागेल. १८१५ सालीं इंग्लंडांतील प्राउट नांवाच्या वैद्यानें असें प्रतिपादन केलें होतें कीं, सर्व मूलद्रव्यें हायड्रोजनच्या अणूंचींच बनलेलीं असावींत, म्हणून सर्वांचे अणुभार हायड्रोजनच्या पूर्ण पटींत यावेत. कल्पना मोठी सुंदर होती. परंतु काळजीपूर्वक वजनें घेतां क्लोरिनचा अणुभार ३५.४६ भरला. अर्धवट अणु असूं शकत नाहीं, म्हणून प्राउट यांची कल्पना विद्वानांनीं टाकून दिली. आतां निऑनच्या दोन रेषांनीं नवी शंका उभी केली. निऑन म्हणून जो वायु आपण एकच समजतों, त्यांत गुणधर्मानें अगदीं सारखे परंतु वजनानें निरनिराळे असे दोन जातींचे अणु मिसळलेले असतील काय? किरणोत्सर्गी द्रव्यांत असे अणु असतात असें सॉडी यांनीं दाखविलें होतें, आणि १९१३ सालीं त्यांस नांवही दिलें होतें. त्यांसच आपण मराठींत समस्थानिक म्हणतों. परंतु साध्या, स्थिर मूलद्रव्यांतही ते असतील, यावर थॉमसन यांचा विश्वास बसेना. २२ वजनाची वस्तु निऑन व हायड्रोजन यांचें संयुग असेल, असा त्यांचा तर्क होता.

गुरूंचा तर्क निराळा असला तरी अ‍ॅस्टन यांनीं वाद घातला नाहीं. ते प्रयोगास लागले. नव्या मडक्यांतून पाणी पाझरतें, त्याचप्रमाणें भाजलेल्या सच्छिद्र मातीच्या नळींतून वायु पाझरतो, आणि हलके अणु जडांपेक्षां किंचित् लवकर बाहेर पडतात. म्हणून त्यांनीं निऑन अशा नळींतून पाझरविला, बाहेर आलेला भाग व आंत राहिलेला भाग निराळे केले, ते पुनः पाझरविले, आणि हाच क्रम अत्यंत चिकाटीनें पुढें चालविला. इतका थोडा वायु तोलण्यास तराजू मिळेना, तेव्हां त्यांनीं स्फटिकाच्या तंतूंचा एक सूक्ष्म तराजू स्वतः तयार केला. एका ग्रॅमच्या अब्जांश भागाचा फरक त्यावर कळे. एवढ्या खटपटीनंतर दोन भागांच्या घनतेंत जो फरक पडला, तो शेंकडा एकाहूनही कमी होता. दुसरा कोणी असता तर निराश झाला असता. परंतु फरक पडला होता, आणि तो योग्य दिशेनें पडला होता, हें १९१३ सालीं त्यांनीं विद्वानांपुढें मांडलें.

इतक्यांत १९१४ सालीं महायुद्ध सुरू झालें. अ‍ॅस्टन फार्नबरो येथील सरकारी विमान-कारखान्यांत गेले आणि विमानाच्या पंखांच्या कापडावर द्यावयाच्या लेपांवर संशोधन करूं लागले. तेथें विमानाच्या एका अपघातांतून ते बचावले. चार वर्षें निऑनची बाटली बंद राहिली. मात्र डोक्यांतील विचार बंद राहिला नाहीं. युद्ध संपतांच ते केंब्रिजला परतले आणि १९१९ सालीं त्यांनीं आपलें प्रसिद्ध यंत्र, मास स्पेक्ट्रोग्राफ, उभें केलें. त्याच सुमारास अमेरिकेंत शिकागो येथें डेम्प्स्टर यांनींही स्वतंत्रपणें या जातीचें यंत्र केलें होतें, हें न्यायबुद्धीनें सांगितलें पाहिजे.

या यंत्राची युक्ति आमच्या शेतकरी वाचकांस चटकन् समजेल. खळ्यांत भात वारवितांना सूप उंच धरून धान्य सोडतात. भरलेला दाणा जवळ पडतो, पोल त्याच्या पलीकडे पडतें आणि तूस दूर उडून जातें. वारा सर्वांस सारखाच लागतो. हलकें तेवढें अधिक वळतें. अ‍ॅस्टन यांच्या यंत्रांत दाण्यांच्या जागीं विद्युद्भारित अणु आणि वाऱ्याच्या जागीं लोहचुंबक आहे. परंतु खळ्यांत एक अडचण असते. कांहीं दाणे सुपांतून जोरानें सुटतात, कांहीं हळू सुटतात, त्यामुळें राशींच्या कडा एकमेकींत मिसळतात. अणूंचेंही तसेंच होई, आणि थॉमसन यांच्या रेषा त्यामुळें पसरट येत. अ‍ॅस्टन यांनीं विद्युत्क्षेत्र व चुंबक यांची अशी योजना केली कीं, एकाच वजनाचे अणु वेगानें कमीअधिक असले तरी शेवटीं एकाच ठिकाणीं येऊन पडावेत. भिंग जसें प्रकाशाचे किरण एका बिंदूंत आणतें तसें. त्यामुळें फोटोच्या कांचेवर बारीक, स्वच्छ रेषा उमटूं लागल्या, आणि वजनांत हजारीं एक फरक असला तरी तो ओळखूं येऊं लागला. १९२५ च्या सुमारास त्यांनीं दुसरें यंत्र केलें, तें याच्या दसपट सूक्ष्म होतें; पुढें तिसरें त्याहूनही सूक्ष्म केलें.

पहिल्याच वर्षीं निऑनच्या २० व २२ या दोन रेषा निःसंशय दिसल्या. नंतर क्लोरिनची पाळी आली. शंभर वर्षें ज्या ३५.४६ या अपूर्णांकानें विद्वानांस छळलें होतें, त्या जागीं कांचेवर कांहींच नव्हतें! रेषा होत्या त्या ३५ वर व ३७ वर, आणि त्यांचें प्रमाण सुमारें तिनास एक असें होतें. अर्धवट अणु नव्हताच. दोन जातींच्या पूर्ण अणूंची ती सरासरी होती. वर्गांतील मुलांच्या वयाची सरासरी साडेबारा वर्षें आली, म्हणून वर्गांत साडेबारा वर्षांचा एक तरी मुलगा असलाच पाहिजे असें नाहीं, त्यांतलाच हा प्रकार. एकामागून एक मूलद्रव्यें अ‍ॅस्टन यांनीं तपासलीं; निसर्गांत आढळणाऱ्या सुमारें २८७ समस्थानिकांपैकीं २१२ एकट्या त्यांनीं ओळखले.

१९२० सालीं ते ट्रिनिटी कॉलेजाचे फेलो झाले, १९२१ सालीं रॉयल सोसायटीनें त्यांस सभासद करून घेतलें, आणि १९२२ सालचें रसायनशास्त्राचें नोबेल पारितोषिक त्यांस मिळालें. मानसन्मान मिळाल्यावर मनुष्य स्वतःच्या सिद्धांताचा कैवारी होतो. अ‍ॅस्टन यांनीं उलट केलें. सर्व अणूंचीं वजनें पूर्णांकांत येतात हा त्यांचाच नियम. परंतु आपल्या दुसऱ्या यंत्रानें त्यांनीं त्याच नियमाची झाडाझडती घेतली आणि पूर्णांकापासून प्रत्येक अणु किती किंचित् ढळतो याचें मोजमाप १९२७ सालीं प्रसिद्ध केलें. हा ढळ म्हणजे चूक नव्हती. अणुगर्भ बांधला जातांना जें वजन नाहींसें होतें, तेंच आइन्स्टाइन यांच्या सिद्धांताप्रमाणें शक्तिरूपानें बाहेर पडतें. चार हायड्रोजन मिळून एक हेलियम होतांना जी तूट येते, तींतच सूर्याच्या उष्णतेचें मूळ असावें, असें एडिंग्टन यांनीं अ‍ॅस्टन यांच्याच मोजमापांवरून १९२० सालीं सुचविलें होतें. ही शक्ति मनुष्याच्या हातीं लागल्यास तिच्यावर ताबा राखतां येईल कीं नाहीं, याची धोक्याची सूचना अ‍ॅस्टन यांनीं नोबेल व्याख्यानांतच दिली होती. १९४५ च्या ऑगस्टांत हिरोशिमा व नागासाकी येथें काय झालें तें त्यांनीं ऐकलें, आणि त्याच वर्षीं २० नोव्हेंबर रोजीं केंब्रिज येथें त्यांचा अंत झाला.

त्यांनीं विवाह केला नाहीं. ते बहुधा एकटेच काम करीत. याचा अर्थ ते शुष्क होते असा मात्र नव्हे. पियानो, व्हायोलिन व चेलो हीं वाद्यें ते वाजवीत. बर्फावरून घसरत जाणें, कडे चढणें, पोहणें, टेनिस, गोल्फ यांत ते रमत. आणि होनोलुलूस गेले असतां समुद्राच्या लाटांवर फळीनें स्वार होण्यासही ते शिकले. सूर्यग्रहण पाहणाऱ्या मंडळींबरोबर ते सुमात्रा, कॅनडा व जपान इतके दूर गेले होते. आपली मालमत्ता त्यांनीं मुख्यतः ट्रिनिटी कॉलेजास ठेवली.

अ‍ॅस्टन गेले, परंतु त्यांच्या यंत्राचा वंश वाढला. फोटोच्या कांचेच्या जागीं अणु मोजणारीं विजेचीं साधनें आलीं. १९५२ सालीं जेम्स व मार्टिन यांनीं मिश्र वायूंतील घटक एकामागून एक वेगळे काढण्याची रीत प्रसिद्ध केली, आणि त्याच दशकांत अमेरिकेंत ती या यंत्रास जोडण्यांत आली. एका थेंबभर रक्तांत शेंकडों पदार्थ असतात. पहिलें यंत्र त्यांस रांगेंत उभें करतें, दुसरें प्रत्येकाचे तुकडे करून ते तोलतें. प्रत्येक पदार्थ विशिष्ट प्रकारेंच तुटतो, म्हणून तुकड्यांच्या वजनांवरून मूळ पदार्थ ओळखतां येतो. विष कोणतें याचा अगोदर तर्क करण्याची गरज पुष्कळ अंशीं उरली नाहीं. घराच्या आगींतील राखेंत रॉकेलचा अंश आहे काय, स्फोट झालेल्या जागीं कोणतें द्रव्य होतें, हेंही याच मार्गानें कळूं लागलें.

आमच्या पालीवरून मुंबई–गोवा हमरस्ता जातो, म्हणून त्यावरील एक उदाहरण घेऊं. समजा, रात्रीं एखाद्या मोटारीनें वाटसरूस ठोकरलें आणि चालक पळून गेला. मृताच्या सदऱ्यांत कांचेचे चार कण सांपडले. पुढें कांच फुटलेल्या दोन मोटारी पोलिसांस आढळल्या. कांच म्हणजे वाळू, सोडा व चुना. डोळ्यांस सारी सारखीच. परंतु वाळूबरोबर स्ट्रॉन्शियम, झिर्कोनियम, बेरियम अशा द्रव्यांचे दशलक्षांत कांहीं अंश आलेले असतात, आणि त्यांचें प्रमाण कारखान्यागणिक, नव्हे घाणागणिक बदलतें. लेसर किरणानें कणावर न दिसण्याइतका खळगा पाडून ती धूळ आर्गॉन वायूच्या अतितप्त झोतांतून या यंत्रांत नेतात. ज्या मोटारीच्या कांचेशीं प्रमाण जुळत नाहीं, ती मोटार सुटली. तिचा चालक गरीब असो, अनोळखी असो, साऱ्या गांवाचा त्याच्यावर संशय असो. हा उपयोग आम्हांस सर्वांत मोठा वाटतो.

मनुष्याच्या केसांतही अशीच खूण असते. अरबी समुद्रावरून आलेले ढग कोंकणांत व सह्याद्रीवर पाऊस पाडीत पूर्वेस जातात, तेव्हां जड समस्थानिकांचें पाणी अगोदर गळून पडतें, आणि पुढें पडणारा पाऊस किंचित् हलका होत जातो. जें पाणी आपण पितों त्याचा अंश केसांत उतरतो. म्हणून बेवारशी प्रेताच्या केसांवरून तो मनुष्य कोणत्या तऱ्हेच्या प्रदेशांतला असावा, याचा अंदाज बांधतां येतो.

मात्र यंत्राच्या मर्यादाही मुलांनीं ध्यानांत ठेवाव्या. १९५६ च्या नोव्हेंबरांत पुण्याची एक मधुमेही विधवा रात्रीच्या गाडीनें मुंबईस नेली गेली. बेशुद्ध स्थितींत रुग्णालयांत दाखल होऊन ती दुसऱ्या दिवशीं वारली, आणि पुढें तिची मालमत्ता तिच्या डॉक्टरानेंच बळकावल्याचें उघडकीस आलें. रासायनिक तपासणींत विष सांपडलें नाहीं. तरीही इतर परिस्थितीचा पुरावा एकत्र तोलून न्यायालयांनीं त्यास दोषी ठरविलें, आणि १९५९ च्या डिसेंबरांत सर्वोच्च न्यायालयानें तो निर्णय कायम केला. तपासणीचें मौन म्हणजे निर्दोषपणा नव्हे, असा याचा अर्थ. उलट बाजूही आहे. अमेरिकेच्या केंद्रीय तपासखात्यांत गोळीच्या शिशांतील सूक्ष्म द्रव्यें मोजून ती गोळी अमुक पेटींतलीच असावी असें वर्षानुवर्षें सांगितलें जाई. मोजमाप बरोबर होतें. परंतु एकाच रसाच्या शिशांतून असंख्य गोळ्या निघतात, म्हणून त्यावरून काढलेलें अनुमान फाजील होतें. विद्वानांच्या समितीनें तें दाखविल्यावर २००५ सालीं ती पद्धत बंद करण्यांत आली. यंत्र वजन सांगतें. हात कोणाचा होता हें सांगत नाहीं. तें ठरविण्यास भिणारी सदसद्विवेकबुद्धि लागते, आणि ती कोणत्याही कारखान्यांत तयार होत नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, अ‍ॅस्टन यांच्या चरित्रापासून घ्यावयाचा बोध आम्हांस असा दिसतो. ते कांहीं लहान वयांत चमकलेले अलौकिक बालक नव्हते. तीन वर्षें त्यांनीं बिअरच्या कारखान्यांत नोकरी केली, सव्विसाव्या वर्षीं ते पुनः शिष्य झाले, आणि त्यांचें मुख्य यंत्र तयार झालें तेव्हां त्यांनीं चाळिशी ओलांडली होती. गुरूंचें मत पटलें नाहीं, तेव्हां त्यांनीं अनादर न करतां पुरावा आणला. आणि स्वतःचें मत मान्य झालें, तेव्हां त्याचीही परीक्षा घेतली. शंभर भागांत एका भागाचाही फरक नाहीं म्हणून ज्यांनीं तो सोडून दिला असता, त्यांच्या हातून हें कार्य झालें नसतें. तुमच्या वहींतील गणिताचें उत्तर शेवटच्या अंकांत चुकलें, तर एवढ्याशानें काय होतें असें म्हणूं नका. एवढ्याशानेंच कधीं एखादा निरपराधी मनुष्य तुरुंगांतून घरीं येतो. परमेश्वराच्या दृष्टीनें केसाएवढी गोष्टही क्षुल्लक नाहीं, असें आपण प्रार्थनेच्या वेळीं ऐकतों. या शास्त्रज्ञानें तें आपल्या कामानें खरें करून दाखविलें. त्यांच्यासारखें सत्य तोलणारे हात आमच्या शाळेंतूनही तयार होवोत, अशी आमची प्रभूपाशीं प्रार्थना आहे.